रविवारचं दप्तर

आमच्या घरात आठवडा उलटा चालतो. गल्लीतली पोरं सहा दिवस शाळेत जातात आणि रविवारी हुंदडतात. आमची लेक सहा दिवस घरी शिकते. बाक, हजेरी आणि डोळे वटारणाऱ्या बाई तिला भेटतात त्या रविवारी, चर्चच्या संडेस्कूलमध्ये. दप्तर भरते तीही त्याच दिवशी, आणि काय हौसेनं!

"पोरले शाळामा काब्रं नही धाडतस?" शेजारच्या मावशी विचारतात. पोरीला नुसतं बायबल शिकवायला घरी ठेवलंय, असं त्यांना वाटतं. त्यांची समजूत घालता येते. सासऱ्यांची नाही. बाबा नवापूरकडचे, मिशनच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले. बायबलचा मराठी नवा करार १८११ साली तिकडे बंगालात, सेरामपूरला छापला गेला. पण पुस्तक असून काय, वाचणारा हवा ना! म्हणून मिशनरी गेले तिथे शाळा निघाल्या. इकडे पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. आमच्या लोकांना अक्षर आणि प्रार्थना एकाच कंपाउंडात मिळाली. त्यामुळे नात शाळेत जात नाही म्हटल्यावर, उद्या चर्चही सोडाल, ही बाबांची धास्ती. दहावीला सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरू, असं सांगितलं की ते चष्मा पुसत बसतात.

बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवायच्या वेळा दिल्या आहेत: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. घंटेचा उल्लेख नाही. मी तो आधार धरते. (सोयीचा आहे, हे मान्य.)

थंडीत आमचा गणिताचा तास नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर भरतो. लालभडक मिरची नजर पोहोचेल तिथवर पसरलेली, ठसक्यानं नाक गळतंय, आणि लेक हिशेब मांडतेय: साधारण चार किलो ओली मिरची वाळून किलोभर उरते, म्हणजे कितवा भाग? देठ तोडणाऱ्या बायांची मजुरी निघाली, तेव्हा तिला मत्तयाच्या शुभवर्तमानातली द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आठवली. सकाळपासून राबलेल्याला एक दिनार आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एकच. गोष्ट तिला पाठ होती, पटलेली नव्हती. तिनं ती थेट तिथल्या एका बाईलाच सांगितली.

बाईनं हातातला देठ टाकला. "मंग सकाळी कोन येई?"

प्रश्न रविवारी दप्तरातून संडेस्कूलमध्ये गेला, तिथून पाळकसाहेबांकडे. त्यांनी कृपेबद्दल बरंच सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. मलाही तो धनी आवडतो. उशिरा आलेल्याच्या घरीही खाणारी तोंडं असतात. पण बाबांनी ऐकल्याबरोबर बाजू घेतली ती पथारीवरच्या बाईची. बोर्डिंगच्या सुट्ट्यांत ते रोजानं जायचे, हे नातीला तेव्हा कळलं. मलाही.