सियागंजातलं बिल आणि पुढची दोन शून्यं

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि हल्ली महिन्याची ११ तारीख इंदूरच्या सियागंज बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्यांचा दम काढते. दरमहा विवरण भरणाऱ्यांना मागच्या महिन्याच्या विक्रीचं जीएसटीआर-१ त्या दिवसापर्यंत द्यावं लागतं, आणि नोंदणीकृत ग्राहकाचं बिल न् बिल त्यात वेगळं दाखवावं लागतं. तिथल्या ज्या मसाले-सुकामेव्याच्या पेढीचा डेटाबेस मी नुकताच सांभाळायला घेतला होता, तिथे अशी बिलं महिन्याला तीनेक हजार होती. १० तारखेला दुपारी तिथल्या हिशेबनीस काकांचा फोन आला. "ताई, ताळमेळ पुढे सरकत नाहीये. तुम्ही येऊनच जा."

मी पोचले तेव्हा काउंटरवरची मुलं ओरडत होती, "भिया, सर्वर फिर बैठ गया!" सर्व्हर चालूच होता, फक्त त्याला श्वास घ्यायला उसंत नव्हती. ताळमेळाचा स्क्रीन एक्सेलमधलं एकेक बिल उचलून डेटाबेसला विचारत होता, आणि प्रत्येक उत्तराला दीडेक सेकंद लागत होता. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण तीन हजारांनी गुणा, सव्वा तास होतो. तेवढ्यात मध्येच जोडणी तुटायची आणि सगळं पहिल्यापासून. त्याच वेळी काउंटरवरही गिऱ्हाईक उभं असायचं.

डेटाबेस पोस्टग्रेस नावाच्या प्रणालीवरचा. बिलांच्या ओळींचं टेबल ४० लाखांच्या आसपास. बिल क्रमांकाचा रकाना पूर्णांक, त्यावर इंडेक्सही होता, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून क्रमाने लावलेली सूची. मग अडतंय कुठे? क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, पुढे एक्सप्लेन ॲनालाइझ लावून चालवली; उत्तर कसं शोधलं ते त्यानं दिसतं. सीक्वेन्शियल स्कॅन. म्हणजे एका बिलासाठी सगळ्या ४० लाख ओळी वाचल्या जात होत्या आणि इंडेक्स बाजूला पडून होता.

कारण अटीच्या ओळीतच होतं. छापील बिलावर क्रमांक सहा आकडी दिसतो, ४५१२ नंबरचं बिल ००४५१२ असं. काका तसंच टाइप करणार, कारण त्यांच्यासमोर कागद तसाच आहे. म्हणून कुणीतरी पूर्वी क्वेरीत रकान्यालाच टू_चार, म्हणजे आकड्याचा मजकूर करणारं फंक्शन, लावून '००००००' साच्यात बसवलं होतं आणि टाइप केलेल्या मजकुराशी ताडून बघितलं होतं. वर कडेच्या रिकाम्या जागा कापणारा ट्रिमही होता. पोस्टग्रेसचं टू_चार उणे चिन्हासाठी डावीकडे एक जागा राखून ठेवतं, त्यामुळे ' ००४५१२' असं रिकाम्या जागेसकट उत्तर येतं. साच्याआधी एफएम लिहिलं की ती जागा जाते. लिहिणाऱ्याला ती जागा सापडली होती, ट्रिम त्यासाठीच. पण त्यामुळे दर ओळीला दोन फंक्शनं, आणि तीही ४० लाख वेळा.

काका शेजारी खुर्ची ओढून बसले. "इंडेक्स आहे ना? मग वापरत का नाही?" त्यांना मी त्यांच्याच जुन्या खतावणीचा दाखला दिला. पुढच्या पानांवर अक्षरवार सूची असते, नाव सांगितलं की पान सापडतं. पण "ज्याच्या नावात सात अक्षरं आहेत तो दाखवा" म्हटलं, तर सूची काय करणार? एकेक नाव मोजत बसावं लागेल. इंडेक्समध्ये ४५१२ हा आकडा क्रमाने लावलेला आहे. टू_चारमधून बाहेर पडणारा मजकूर त्यात कुठेच नाही. काकांना लगेच उमगलं. आयुष्यभर वह्या सांभाळलेल्या माणसाला बी-ट्री, म्हणजे इंडेक्सची ही रचना, वेगळी शिकवावी लागत नाही.

बदल छोटा होता. टाइप झालेल्या '००४५१२' ची पुढची शून्यं आधी काढायची, तो पूर्णांक करायचा आणि रकान्याला हात न लावता थेट विचारायचं. पोस्टग्रेसचं इंडेक्सचं पान ८ किलोबाइटचं, एका पानात शेकडो नोंदी बसतात, त्यामुळे एवढ्या टेबलातही मुळापासून तीनेक पायऱ्यांत हवी ती नोंद हाताशी येते. इंडेक्स स्कॅन दिसला, वेळ मिलिसेकंदाच्या आत आला. ताळमेळ चहा येईपर्यंत संपला.

फोनवरून एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं, टू_चारवरच इंडेक्स बांध, क्वेरी बदलायलाच नको. ते होत नाही. इंडेक्समधलं फंक्शन इम्युटेबल लागतं, म्हणजे त्याच आकड्याला कायम तेच उत्तर. आकड्यांचं टू_चार तसं नाही, कारण दशांशचिन्ह नि चलनचिन्ह सर्व्हरच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरू शकतं. पोस्टग्रेस सरळ नकार देतं. वेगळं फंक्शन लिहून त्यावर इम्युटेबलची पाटी लावता येते, पण डेटाबेसशी खोटं बोलणं मला पटत नाही. सेटिंग बदललं तर चुकीचं उत्तर येईल आणि कुणाला कळणारही नाही.

पूर्ण बिल क्रमांकाची गोष्ट मात्र निराळी. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे तो जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा आणि आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. त्यात वर्ष, मालिका, तिरकी रेघ असं सगळं येतं. तिथे रूप हीच ओळख आहे. म्हणून तो मजकुराच्या स्वतंत्र रकान्यात, त्याच्यावर स्वतःचा युनिक इंडेक्स, म्हणजे तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारा.

मग काकांनी दुसरं दुखणं काढलं. सर्वांत मोठी बिलं वर यावीत म्हणून यादी लावली, तर ९६,४०० चं बिल वर आणि १,१८,५०० चं खाली. इथेही रक्कम आधी स्वल्पविरामासकट मजकूर बनत होती आणि क्रम त्या मजकुराचा लागत होता; पहिलं अक्षर ९, म्हणून ते मोठं. त्याच अहवालात महिन्याची बेरीज '#,##,###.##' अशी छापून येई. साचा लाखापर्यंतचाच होता आणि बेरीज त्याच्या बाहेर गेली की पोस्टग्रेस हॅश छापतं. क्रम रकमेच्या मूळ न्यूमेरिक, म्हणजे आकड्यांच्या, रकान्यावर लावला, साचा कोटींपर्यंत वाढवला आणि स्वल्पविराम अगदी शेवटी, स्क्रीनवर नि कागदावर जाताना घातले. लाख-कोटींचे स्वल्पविराम काकांना हवेतच, आणि ते बरोबरच आहे. नुसता १२३४५६७८ कुणालाही चटकन वाचता येत नाही.

"मग आता सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स लावून टाका ना," काका म्हणाले. मी नाही म्हटलं. नवी ओळ शिरली की प्रत्येक इंडेक्सलाही ती नोंद घ्यावी लागते, आणि दिवाळीच्या आधी या पेढीवर बिलं एकामागून एक फुटतात. रोज काय शोधता, असं विचारलं. एखाद्या व्यापाऱ्याची अमुक महिन्यातली बिलं, हे सर्वांत जास्त. म्हणून बिलांच्या टेबलावर ग्राहक आणि तारीख असा एक जोड-इंडेक्स बांधला. ग्राहक आधी, कारण तो नेमका ठाऊक असतो, तारीख नंतर, कारण तिचा पट्टा लागतो. रकमेवरून शोध काका कधीतरीच घेतात, त्यावर इंडेक्स लावला नाही. तेव्हा दोन सेकंद थांबायला ते तयार झाले.