तराजूतला शेकेल

जेरुसलेममध्ये मी चार दिवस होतो. त्यांपैकी तीन दिवसांविषयी सांगण्यासारखे एवढेच, की गर्दी फार होती आणि मी सतत दमलेला होतो. इस्राएल म्युझियममध्येही मृत समुद्राच्या गुंडाळ्यांपुढे, म्हणजे त्या प्राचीन हस्तलिखितांपुढे, माणूस माणसावर रेलत होता आणि नाण्यांच्या दालनात मात्र शुकशुकाट होता. इ. स. 66 मध्ये रोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या यहुद्यांनी पाडलेले चांदीचे नाणे तेथे मी निवांत पाहिले. एका बाजूला चषक आणि ‘शेकेल इस्राएल’ ही अक्षरे, तर दुसऱ्या बाजूला तीन डाळिंबे आणि जेरुसलेमचे नाव. शेकेल म्हणजे त्यांचा रुपया, अशी मनाशी गाठ मारून मी बाहेर पडलो.

ती गाठ दुसऱ्या दिवशी महाने यहुदा बाजारात सुटली. माझ्याबरोबर लोद गावच्या एक बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठीभाषक यहुदी समाजातल्या, आजी होत्या. लहानपणीच अलिबागकडून इकडे आल्या असल्या तरी त्यांचे मराठी माझ्याहून ठसठशीत होते. विक्रेत्याने खजूर तराजूत टाकले, आजींनी विचारले, “कमा झे शोकेल?” आणि भाव ठरतो आहे असे समजून मी घाईघाईने नोटा पुढे केल्या. आजींनी माझे मनगट धरले. “अरे, पैसे नाही विचारले मी. भरतं किती, ते विचारलं.”

शोकेल म्हणजे ‘वजन भरते’. शीन, कोफ, लामेद ही तीनच अक्षरे. हिब्रूत स्वरचिन्हे सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे तोच शब्द ‘शेकेल’ असाही वाचता येतो आणि ‘शाकाल’, म्हणजे ‘त्याने तोलले’, असाही. अब्राहामाने हेब्रोनजवळची मखपेलाची गुहा 400 शेकेल चांदी देऊन घेतली, असे बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. पण तेथे त्याने नाणी मोजली नाहीत, चांदी तोलून दिली, आणि त्या तोलण्याचे क्रियापदही याच धातूचे आहे. यहुदाच्या प्राचीन राज्यात शेकेलची घुमटाकार दगडी वजने वापरत, ती साधारण 11.3 ग्रॅमची. हा आकडा ऐकून मला आपला ‘रुपयाभार’ आठवला. ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा होता. फरक इतकाच, की आपल्याकडे नाण्याने वजनाला नाव दिले आणि तिकडे वजनाने नाण्याला. बंडातले ते नाणे तर सोर (टायर) या फिनिशियन शहराच्या नाण्यांच्या मापाने पाडलेले, सुमारे 14 ग्रॅमचे. म्हणजे नाव आणि वजन यांची फारकत तेव्हाच झाली होती. पदरी इतके ज्ञान असते, तर संग्रहालयात काचेला नाक लावून तासभर उभा राहिलो असतो.

आजचा नवा शेकेल 1985 पासून चलनात आहे आणि त्याचे एकाचे नाणे जेमतेम 3.5 ग्रॅमचे आहे. त्यावर लिलीचे फूल आहे आणि शेजारी प्राचीन हिब्रू लिपीत ‘येहुद’ असे लिहिले आहे. मी ते आजींपुढे धरले. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिले आणि “हे फूल आहे होय? मला इतकी वर्षं मासा वाटत होता,” असे म्हणत ते नाणे खजूरवाल्याच्या हातावर ठेवले.