ओन्ताकेवर जाताय? डबा माथ्यावर उघडू नका

जपानमधल्या नागोयात हवा स्वच्छ असली की ईशान्येला ओन्ताके हा ज्वालामुखी दिसतो. रुंद, ऐसपैस, एकटाच बसलेला. उंची 3,067 मीटर. 2024 च्या सप्टेंबरात मी आणि साताऱ्याचा एक मित्र जाऊन आलो. दोघंही सह्याद्रीत बऱ्यापैकी फिरलेले. सह्याद्रीही लाव्हाचाच म्हणा, पण त्याला थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली.

ओन्ताकेवरचा शेवटचा मोठा स्फोट 27 सप्टेंबर 2014 चा. शनिवार, ऊन पडलेलं, झाडांची पानं रंगलेली, त्यामुळे माथ्यावर गर्दी. सकाळी 11 वाजून 52 मिनिटांनी डोंगर फुटला. 58 जण गेले, 5 जण आजवर सापडलेले नाहीत. लाव्हा आलाच नव्हता. पोटातलं पाणी तापून त्याची एकदम वाफ झाली आणि तिने दगड उडवले; बहुतेक जण त्या दगडांनीच गेले. अशा स्फोटाची चाहूल फार कमी लागते. त्या महिन्याच्या 10 आणि 11 तारखेला बारीक भूकंप वाढले होते, तरी इशाऱ्याची पातळी सगळ्यात खालची, म्हणजे 1 च राहिली, आणि तेव्हा पातळी 1 चा अर्थ लिहिलेला असायचा ‘नेहमीसारखं’. नंतर तो शब्द बदलला. आता लिहितात, ‘हा सक्रिय ज्वालामुखी आहे याचं भान ठेवा’. आम्ही गेलो तेव्हाही पातळी 1 च होती. निघायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी, असं दोनदा जपानच्या हवामान खात्याच्या साइटवर बघा. पातळी 2 झालेली दिसली तर विवराजवळच्या वाटा बंद होतात. तेव्हा सरळ दुसरा डोंगर शोधा.

नागानो प्रांतात या डोंगरासाठी ‘तोझान-तोदोके’, म्हणजे चढाईची नोंद, सक्तीची आहे. कुठून चढणार, कधी उतरणार, बरोबर कोण, घरचा फोन नंबर. ऑनलाइन भरता येते. आपल्याकडे किल्ल्यावर जाताना आईलाही नीट सांगत नाही आपण, त्यामुळे मित्राला हे जरा अतीच वाटलं. मला नाही वाटलं. 2014 मध्ये वर नेमके किती लोक होते हेच आधी कुणाला ठाऊक नव्हतं.

नागोयाहून शिनानो एक्स्प्रेसने किसो-फुकुशिमा, तिथून बस, मग रोपवेने थेट 2,150 मीटरवर. खरी गोम इथेच आहे. सकाळच्या रोपवेने वर गेलात की तीन-साडेतीन तासांच्या चढाईनंतर नेमके जेवणाच्या वेळी माथ्यावर पोचता. सगळेच पोचतात, आणि 2014 चा स्फोटही नेमका याच वेळचा. म्हणून आम्ही नवव्या टप्प्याजवळच्या (तिकडे पायथा ते माथा वाटेचे दहा टप्पे मानतात) झोपडीवजा निवाऱ्यात मुक्काम केला आणि पहाटे वर गेलो. गाडी असेल तर 1,800 मीटरवरच्या नाकानोयूहून उजाडताच निघता येईल.

हेल्मेट माझ्याकडे होतं, पण सॅकला लटकवलेलं. निवाऱ्यातून निघताना तिथल्या आजोबांनी ते बोटाने टकटक वाजवलं, मग स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. पट्टा बांधेपर्यंत दारात उभे राहिले.

वर पाय घसरतो तो राखेमुळे. करडी, ओल्या सिमेंटसारखी. बुटाच्या खाचांत बसली की निघत नाही. निनोइके तळ्यातही हीच राख भरली आहे. माथ्यावर देऊळ, दगडी मूर्ती, आणि शेजारी काँक्रीटचे जाड भिंतींचे आसरे. पोचल्यावर फोटो काढायच्या आधी मी देवळापासून आसऱ्याच्या दारापर्यंत पळून पाहिलं. मित्र हसला, मग तोही पळाला. दक्षिणेला जिगोकुदानी, नावाचा अर्थच नरकाची दरी. तिथून वाफेची पांढरी रेघ उठत होती. वारा आमच्याकडे वळला तशी सडक्या अंड्याचा दर्प नाकात शिरला. पंधरा मिनिटांत उतरायला लागलो. दशम्या निवाऱ्यात येऊन खाल्ल्या.

हेल्मेटशिवाय सॅकमध्ये डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल, मास्क आणि हेडटॉर्च असू द्या, सकाळीच उतरणार असलात तरी. राखेच्या ढगात भर दुपारी हात दिसत नाही. चालताना पुढचा निवारा किंवा मोठा खडक कुठे आहे तेवढं बघत राहा. दगड उडायला लागले तर फोन काढू नका, आडोसा गाठा, सॅक डोक्यावर आणि मानेवर धरा. दोरी लावून बंद केलेल्या वाटेवर कुणी जाताना दिसलं तरी मागोमाग जाऊ नका. उघड्या वाटा मोसमागणिक बदलतात, जुन्या नकाशाचा भरवसा नाही.

बाकी किरकोळ. सप्टेंबरात पहाटे बोटं बधिर होतात. निवाऱ्यात रोख पैसे लागतात, स्वच्छतागृहासाठी शंभर येनची नाणी वेगळी ठेवा. शाकाहारी असाल तर जेवण बरोबर न्या. मिसो सूपमध्येसुद्धा मासा असतो. आणि परतीच्या बसची वेळ उतरल्यावर बघू असं करू नका. गाड्या मोजक्याच आहेत, आमची चुकली आणि टॅक्सीने खिसा रिकामा केला.