वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो राज्यात कितवं?

मार्च उजाडला की घर शोधणाऱ्यांचे मेसेज सुरू होतात. कोणी भारतातून नवीन येतंय, कोणी जर्सी सिटीच्या अपार्टमेंटमधून मूल किंडरगार्टनला जायच्या आत बाहेर पडायला बघतंय, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच की तुमचं वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) न्यू जर्सीत कितवं? मी उत्तर दिलं की लगेच दुसरा मेसेज, अगं पण अमुक साइटवर तर वेगळाच नंबर आहे. असणारच, कारण प्रत्येक साइट वेगळ्या गोष्टी मोजते, कोणी टेस्टचे मार्क, कोणी एपी कोर्सेस (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय), कोणी पालकांनी दिलेले स्टार. माझी मुलं याच शाळांमधून गेली, मला हे डिस्ट्रिक्ट मनापासून आवडतं, आणि म्हणूनच एकदा नीट लिहायचं होतं की हा नंबर कसा वाचायचा.

आधी राज्याचं चित्र बघा. न्यू जर्सीत २१ काउंटी, ५६४ गावं आणि स्कूल डिस्ट्रिक्ट जवळजवळ ६००. बऱ्याच गावांचं स्वतःचं छोटंसं डिस्ट्रिक्ट आहे, काहींमध्ये तर आठवीपर्यंतच शाळा आणि पुढे मुलं शेजारच्या रीजनल हायस्कूलला जातात. आमचं उलट आहे, दोन गावं, तीही दोन वेगळ्या काउंटीत (वेस्ट विंडसर मर्सरमध्ये, प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये), आणि दोघांचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट, दहा शाळा, त्यात साउथ आणि नॉर्थ अशी दोन हायस्कूलं. आता दोन शाळांचं एखादं चिमुकलं श्रीमंत डिस्ट्रिक्ट आणि हे एका यादीत वरखाली लावून काय कळणार?

हायस्कूलच्या याद्यांमध्ये तर अजून गोंधळ. वरच्या नंबरांवर हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल, बर्गन काउंटी अकॅडमीज, एडिसनची मॅग्नेट अकॅडमी अशी नावं दिसतात. या काउंटीच्या शाळा आहेत, तिथे अर्ज करून, निवड होऊन मुलं जातात. आमचं साउथ किंवा नॉर्थ गावातल्या प्रत्येक मुलाला घेतं, कालच देशात आलेल्या आणि इंग्लिश न येणाऱ्यालाही, स्पेशल एज्युकेशन लागणाऱ्यालाही. त्यामुळे "साउथ अकॅडमीच्या खाली आहे" या वाक्याला काही अर्थ नाही, आणि ते ऐकून घर घ्यायचा निर्णय बदलणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं.

आता टेस्टचे आकडे. राज्याची परीक्षा म्हणजे एनजेएसएलए, तिसरीपासून, लेव्हल एक ते पाच, चार आणि पाच म्हणजे पास समजा. २०२३ मध्ये राज्यभरात इंग्लिशला निम्म्याच्या जरा वर आणि गणिताला चाळीस टक्क्यांच्या जरा खाली मुलं त्या लेव्हलला होती. आमचं डिस्ट्रिक्ट दोन्हीत कितीतरी वर आहे, यात शंका नाही. पण आठवीचं गणित बघून घाबरू नका! राज्याचा तो आकडा वीस टक्क्यांच्या आसपास घुटमळतो, लोक म्हणतात बापरे आठवीत काय होतं मुलांना, तर होतं असं की आठवीत अल्जेब्रा वन घेणारी मुलं आठवीच्या गणिताची टेस्ट देतच नाहीत, ती अल्जेब्राची देतात, त्यामुळे आठवीच्या रकान्यात उरतात ती बाकीची मुलं. जिथे जास्त मुलं पुढचं गणित करतात तिथे हा रकाना जास्त फसवतो. एका बाबांनी मला याच आकड्याचा स्क्रीनशॉट पाठवून विचारलं होतं की शाळा घसरलीय का, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा अल्जेब्रावाल्या वर्गात होता.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. पास होणाऱ्यांची टक्केवारी शाळेपेक्षा घरांबद्दल जास्त सांगते. हे राज्यालाही माहीत होतं. १९७० च्या दशकापासून न्यू जर्सी डिस्ट्रिक्ट फॅक्टर ग्रुप नावाची वर्गवारी करत असे, ए पासून जे पर्यंत आठ गट, आणि ते मार्कांवरून नाही तर जनगणनेवरून, म्हणजे गावातल्या मोठ्यांचं शिक्षण, नोकऱ्या, उत्पन्न, गरिबी, बेकारी. मग तुमची तुलना तुमच्या गटाशी. २००० च्या जनगणनेनंतर ते पुन्हा केलंच नाही, आणि मला वाटतं ते थांबवणं चुकीचं झालं, कारण ती पट्टी गेली आणि तिची जागा रिअल इस्टेटच्या साइटवरच्या रंगीत आकड्यांनी घेतली. आमच्याकडे घराघरात आईबाप मास्टर्स-पीएचडी, पोरं पहिलीपासून कुमॉनच्या शिकवणीला, उन्हाळ्यात गणिताचे क्लास, तो सगळा मार्क शाळेच्या खात्यात जमा होतो.

प्रिन्स्टन जंक्शनवरून ट्रेन पकडली तर मध्ये हॅमिल्टन आणि मग ट्रेंटन. दोन स्टॉप. मर्सर काउंटीच, राज्याची राजधानी, आणि त्या जुन्या वर्गवारीत गट ए, सगळ्यात खालचा. तिथले शिक्षक कमी मेहनत करतात असं कोणी म्हणालं तर मी भांडते. अॅबट विरुद्ध बर्क या खटल्यात १९९० साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा मिळालाच पाहिजे, आणि १९९८ मध्ये तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चांगलं प्रीस्कूल द्यायचा आदेश दिला. ट्रेंटनमध्ये ते फुकट मिळतं, आपल्यातले बहुतेक जण त्याच वयाच्या मुलासाठी डेकेअरला केवढे पैसे भरतात ते तुम्हाला माहितीय. पैसा गेला, फरकही पडला, पण मुलं अजूनही गावागावाच्या भिंतीत वेगळीच शिकतात, त्यावर २०१८ पासून वेगळा खटला चालू आहे. राज्यात आपण कितवे हा प्रश्न विचारताना खालच्या नंबरवर कोण आहे आणि का आहे हे आपल्या ग्रुपवर कधीच कोणी विचारत नाही.

मग शाळा कशी जोखायची? राज्याच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये ग्रोथ नावाचा भाग असतो तो आधी उघडा. त्यात तुमच्या मुलाची तुलना राज्यातल्या त्याच्यासारखेच मार्क आधी मिळालेल्या मुलांशी होते, वर्षभरात किती पुढे गेलं ते. ५० म्हणजे मधोमध, ४० ते ५९.५ राज्याच्या मते ठीक. कितीतरी नावाजलेल्या शाळा पासच्या टक्केवारीत आकाशात आणि ग्रोथमध्ये अगदी साधारण निघतात, आणि काही साध्या गावांच्या शाळा इथे मस्त दिसतात. त्याच रिपोर्टमध्ये शाळेचे दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं किती तेही असतं, ते नक्की बघा.

आणि २०१५ आठवा. आमच्या डिस्ट्रिक्टचे तेव्हाचे प्रमुख, सुपरिंटेंडेंट डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं होतं. आदल्या वर्षी मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवायला लागलं होतं, ४० जणांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. राज्यात वरच्या नंबरवर असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये हे चाललं होतं. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल बंद झाल्या, काही रात्री होमवर्कशिवाय ठेवल्या, आणि पालकांमध्ये उभी फूट पडली, आपल्या भारतीय पालकांपैकी पुष्कळांना वाटलं की अभ्यास पातळ करतायत. मला ते पत्र तेव्हाही बरोबर वाटलं होतं आणि आजही वाटतं. नंबर लावणाऱ्या कुठल्याच साइटवर त्या ४० मुलांसाठी रकाना नव्हता, त्यामुळे आमचा नंबर तेव्हाही छानच होता.

टॅक्सचं थोडक्यात सांगते. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त, २०२३ ला सरासरी ९,८०० डॉलरच्या आसपास, आणि साधारण त्यातला निम्म्याहून जास्त शाळेला जातो. म्हणून ओपन हाउसला एजंट शाळेचा नंबर आधी सांगतो आणि छताचं वय नंतर. घाई करू नका. प्लेन्सबरोत फॉक्स रन, हंटर्स ग्लेन अशी मोठी अपार्टमेंट कॉम्प्लेक्स आहेत, आपली कितीतरी मराठी कुटुंबं तिथे भाड्याने राहतात आणि त्यांची मुलं याच डिस्ट्रिक्टच्या शाळेत जातात. एक वर्ष भाड्याने राहा, मुलाला संध्याकाळी विचारा आज काय केलंस, बॅक टू स्कूल नाइटला शिक्षकांशी बोला, काउन्सेलरकडे किती मुलं आहेत ते विचारा, आणि मग पुढच्या मार्चमध्ये घर घ्यायचं का ते ठरवा.