कंट्रोलर सेटिंग: गचका आणि गायब होणारी ताकद

इंजिन काढून इलेक्ट्रिक केलेली माझी गाडी चालते, वेग पकडते, चढही घेते. तरी दोन गोष्टी खटकत होत्या. पाय ठेवताच बसणारा गचका, आणि बॅटरी उतरत आली की ऐन ओव्हरटेकला जाणारी ताकद. या खेपेला कंट्रोलरच्या, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या बॉक्सच्या, सेटिंगमधून त्यांच्याच मागे लागलो.

आकड्यांचा संदर्भ लागावा म्हणून मांडणी सांगतो. एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) 32 सेल सिरीजमध्ये, म्हणजे नॉमिनल 102.4 व्होल्ट. पर्मनंट मॅग्नेट मोटर, मूळचाच गिअरबॉक्स, क्लच काढून थेट कपलर. बॅटरी करंटची मर्यादा 250 अँपिअर, फेज करंटची, म्हणजे कंट्रोलरकडून मोटरच्या तीन वायरींत जाणाऱ्या करंटची, 400. कंट्रोलर टॉर्क मोडमध्ये, म्हणजे पेडल वेग नाही, मोटरचा फिरवण्याचा जोर (टॉर्क) ठरवतं. स्पीड मोड कारला नकोच, पेडल जरा हललं की तो वेग गाठायला अख्खा जोर लावतो.

गचका म्हटला की फेज करंट कमी करा, हा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. टॉर्क फेज करंटमधूनच येतो. तो छाटला की गचका थोडा मऊ होतो, पण चढावर गाडी जागची हलत नाही. बरं, बॅटरीला तरी आराम मिळतो का? मोटर जागीच आहे, फेजमधून 400 अँपिअर जातायत आणि प्रत्येक फेजचा रेझिस्टन्स 5 मिलिओहम धरला, तर 3 × 400² × 0.005 म्हणजे 2400 वॉट. 102 व्होल्टला बॅटरीकडून जेमतेम 24 अँपिअर. तापतात ते मोटर आणि कंट्रोलरमधले मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे स्विच), बॅटरी निवांत असते.

गचक्याचं मूळ लॉगमध्ये सापडलं. पेडल सोडलं की रिजनमुळे (मोटरनेच ब्रेक लावून बॅटरी चार्ज करण्यामुळे) टॉर्क मायनसमध्ये असतो, पुन्हा दाबलं की तो शून्य ओलांडून प्लसमध्ये येतो. तेवढ्यात गिअरचे दात एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूवर आपटतात. दातांमधला आणि ड्राइव्हशाफ्टमधला प्ले भरेपर्यंत मोटरवर भारच नसतो; आरपीएम एकदम उसळतो, ठक्कन अडतो आणि मग दोन-तीन हेलकावे खातो. ग्राफवर ते हेलकावे स्पष्ट दिसतात, आणि सीटवर बसून जाणवतात तेही तेच.

म्हणून शून्याच्या दोन्ही बाजूंना साधारण 10 न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात टॉर्कचा रॅम्प, म्हणजे तो बदलण्याचा वेग, मंद केला, पट्ट्याबाहेर जलदच ठेवला. ठक् आवाज जवळपास गेला, जोर तेवढाच राहिला. ज्यांच्या कंट्रोलरमध्ये सगळीकडे एकच रॅम्प आहे, त्यांनी पेडल सोडल्यावरचं रिजन अगदी कमी ठेवून बाकीचं ब्रेक पेडलवर द्यावं. रिजन जोरदार असेल तर ब्रेक लाइटही त्यावर लागायला हवा. मागच्याला आपल्या टॉर्कचा ग्राफ दिसत नसतो.

पेडलचंही थोडं काम केलं. पेडलची जागा ओळखणारा हॉल सेन्सर पेडल सोडलेलं असताना 0.82 व्होल्ट देतो, पूर्ण दाबल्यावर 4.1. सुरुवात 0.95 ला आणि शेवट 3.95 ला धरला. 0.5 च्या खाली किंवा 4.6 च्या वर गेला की टॉर्क शून्य. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर गाडी पळत सुटू नये, एवढ्यासाठी. सेन्सरचा दुसरा ट्रॅक (पडताळणीचा दुसरा सिग्नल) पहिल्याशी जुळला नाही तरीही शून्यच.

आता ताकद जाण्याचं. कंट्रोलरला दिसतो तो पॅकचा एकूण व्होल्टेज, कमजोर सेल नाही. जोर लावताना 250 अँपिअरला पॅक सहा-सात व्होल्ट खाली बसतो. बेरीज ठीक दिसते, पण एखादा सेल 2.5 च्या खाली जातो आणि बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी तोडणारा मोठा स्विच, उघडतो, तोही भर करंटमध्ये. कॉन्टॅक्टरच्या टिप्स अशानेच जळतात. त्यामुळे करंट आधीच उतरायला लावला. सेलमागे 3.0, म्हणजे 96 व्होल्टला कपात सुरू, 2.8, म्हणजे 89.6 ला शून्य. शिवाय बीएमएसमधला सर्वात कमी सेलचा व्होल्टेज कॅनवरून (गाडीतल्या डेटा-वायरीवरून) कंट्रोलरला दिला, दोन्हींत जी मर्यादा आधी लागेल ती चालते. आता गाडी दम सोडते, पण सांगून सोडते.

वरच्या टोकालाही तसंच. 110.4 पासून रिजन कमी, 115.2 ला बंद. पूर्ण चार्ज करून थेट उताराला लागलात तर हे सेटिंग उपयोगी पडतं.

फील्ड वीकनिंग, म्हणजे मोटरचं चुंबकीय क्षेत्र कमजोर करून जास्त आरपीएम काढणं, अजून बंदच आहे. वेगात असताना कंट्रोलर ट्रिप झाला तर मोटरचा बॅक ईएमएफ (फिरताना तिच्यातच तयार होणारा व्होल्टेज) बस व्होल्टेजच्या, म्हणजे बॅटरीकडच्या व्होल्टेजच्या, वर जाऊन डायोडमधून कंट्रोलरच्या कपॅसिटरवर चढतो. आधी मोकळी मोटर फिरवून व्होल्टेज मोजतो, त्यावरून कमाल आरपीएम बांधतो, मगच ते चालू करेन.