वाफ, वारा आणि बाबांची विक्रांत

आमच्या माझगावच्या चाळीत नौदलाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ होते. बहुतेकांची गाडी तोफा आणि क्षेपणास्त्रांवरून पुढे सरकायची नाही. आमचे बाबा मात्र बॉयलरवर बोलायचे. गोदीत बॉयलरमेकर होते ते. ‘विक्रांत’, म्हणजे भारताची पहिली विमानवाहू नौका, म्हटलं की लोकांना तिच्यावरची सी हॉक विमानं आठवतात. आमच्या घरात वॉटर ड्रम, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याच्या टाक्या, आठवायच्या.

१९७० साली ती गोदीत आली तेव्हा या ड्रमना आतून भेगा पडलेल्या निघाल्या. वेल्डिंगने भागण्यातल्या नव्हत्या. नवे ड्रम विलायतेहून मागवायचे आणि तोवर बॉयलर पेटवायचे नाहीत, असा हुकूम निघाला. जहाज महिनोन्‌महिने थंड. अखेर १९७१ च्या मार्चमध्ये, नव्या ड्रमची वाट न बघता, बॉयलर पेटवले. पुढे ठरलं की वाफेचा दाब चौरस इंचाला ४०० पौंडांच्या वर न्यायचा नाही आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्याचे फेरे मिनिटाला १२० च्या वर नाहीत. चोवीस नॉटने, म्हणजे ताशी चोवीस सागरी मैलांनी, धावणारी बाई चौदावर आली. “दमेकऱ्याला चार मजले चढवायचे, पण बसत बसत,” असं बाबा म्हणायचे.

चौदाचं एवढं काय, असं मी लहानपणी विचारायचो. तेव्हा बाबांनी पोळपाटावर खडूची पेटी ठेवून दाखवलं होतं. (आईने नंतर पोळपाट तीनदा धुतला.) विमानवाहू जहाजाला वेग लागतो तो वारा मिळवायला. समोरून दहा नॉटचा वारा असेल आणि जहाज चोवीसने त्याच्या तोंडावर गेलं, तर विमान डेकवर उभं असतानाच त्याच्या पंखांना चौतीस नॉट मिळतात. बाकीचा धक्का कॅटापुल्ट, म्हणजे डेकवरून विमान पुढे भिरकावणारं यंत्र, देतो. आता गंमत अशी, की कॅटापुल्टलाही वाफ लागते, त्याच बॉयलरांची. एकाच चुलीवर दोन भांडी, आणि चूल फुटकी. अशा अवस्थेत तिने डिसेंबरातल्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात कॉक्स बझार आणि चितगाववर विमानं सोडली.

या जहाजाचा जन्मच घाईतला, दुसऱ्या महायुद्धातला. ब्रिटिशांच्या मोठ्या इलस्ट्रियस वर्गाच्या डेकवर ३ इंची चिलखत होतं. अमेरिकेच्या एसेक्स वर्गाचं डेक लाकडाचं, पण विमानं नव्वदच्या घरात. हिच्या वाट्याला ना चिलखत आलं, ना तेवढी विमानं. १९४२ चा हा हलक्या विमानवाहू नौकांचा आराखडा व्यापारी जहाजांसाठीच्या लॉइड्स या संस्थेच्या नियमांवर बेतलेला, म्हणजे ज्या गोद्यांनी कधी लढाऊ जहाज बांधलं नव्हतं त्यांनाही जमावं. लढाई संपेपर्यंत टिकलं की बस, एवढाच हिशोब. ‘हर्क्युलीस’ नावाने हिचा सांगाडा २२ सप्टेंबर १९४५ रोजी पाण्यात उतरला. जपानच्या शरणागतीवर सह्या होऊन वीस दिवस झाले होते! पुढच्या वर्षी काम थांबलं आणि ती तशीच अर्धवट पडून राहिली, ती १९५७ मध्ये भारताने घेईपर्यंत.

माझ्या मते हे पडून राहणंच तिच्या पथ्यावर पडलं. मधल्या काळात ब्रिटिशांनी तीन गोष्टी शोधल्या : वाफेचं कॅटापुल्ट, तिरकं डेक आणि उतरताना वैमानिकाला कोन दाखवणारा आरसा. कॅटापुल्टची चाचणी झाली ‘पर्सियस’वर. तिरक्या डेकची ‘ट्रायम्फ’वर, तीही नुसत्या रंगाच्या रेषा मारून. ही दोन्ही जहाजं आपल्या विक्रांतच्याच नात्यातली. बेलफास्टमध्ये तिचं काम पुरं झालं तेव्हा तिन्ही गोष्टी तिला मिळाल्या.

नातेवाईक जगभर पांगले : ब्राझील, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स. अर्जेंटिनाच्या ‘व्हेंतिसिंको दे मायो’ची गोष्ट बाबांना फार आवडायची. फॉकलंडच्या लढाईत, २ मे १९८२ च्या पहाटे, तिच्या डेकवर स्कायहॉक विमानं बॉम्ब लादून तयार होती. दक्षिण अटलांटिकमध्ये, जिथे वारा एरवी माणसाला उभं राहू देत नाही, नेमका त्या पहाटे वाराच पडला. विमानं उडालीच नाहीत. समोरच्या ब्रिटिश ताफ्यात ‘हर्मीस’ होती, जी पुढे ‘विराट’ होऊन आमच्याच मुंबईत आली. “बघ, दोन्हीकडची आपल्याच ओळखीची,” असं म्हणत बाबा सुपारी कातरायचे.

विक्रांतचं संग्रहालय झाल्यावर एका नौदल सप्ताहात मी त्यांना घेऊन गेलो. तोवर हॅरियर विमानांसाठी कॅटापुल्ट काढून पुढे चढासारखा स्की-जंप बसवून बरीच वर्षं झाली होती. लोक त्या चढावर फोटो काढत होते. बाबा डावीकडे नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, दिशेने पावलं मोजत गेले, थांबले, आणि चपलेच्या टोकाने पत्र्यावर रेघ ओढून म्हणाले, “इथे खाच होती. हिच्यातून वाफ गळायची, पांढरी.” मला सपाट पत्रा दिसत होता. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले.

२०१४ मध्ये ती दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडायला आली, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाबा गेले नाहीत. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा गुडघे दुखत होते.

नंतर तिचं थोडं लोखंड वापरलेली मोटारसायकल बाजारात आली. खालच्या मजल्यावरच्या पोराने घेतली. पहिल्याच दिवशी त्याने ती चाळीच्या दारात उभी करून ऐटीत हॉर्न वाजवला. बाबा गॅलरीच्या कठड्यावरून वाकून बघत होते.

“दाब किती ठेवलायस रे?” त्यांनी वरून विचारलं.

पोराला वाटलं टायरबद्दल विचारतायत. “बत्तीस, काका.”

“हां. जास्त नको नेऊस,” म्हणून बाबा आत वळले.