आवृत्ती नव्हे, तारीख पाहा

जुना फोन अजून वापरण्याजोगा आहे का, असे कोणी विचारले की सोबत अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आकडा हमखास सांगितला जातो. मी मात्र आधी सेटिंग्जमधली सुरक्षा अपडेटची तारीख विचारतो. नवी आवृत्ती असूनही वर्षभर पॅच (सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे छोटे अपडेट) न आलेल्या फोनपेक्षा जुन्या आवृत्तीचा, पण नियमित पॅच मिळणारा फोन मला अधिक भरवशाचा वाटतो.

ही तारीख नीट वाचली तर बरेच काही कळते. ती महिन्याच्या १ तारखेची असेल, तर साधारणपणे अँड्रॉइडच्या स्वतःच्या भागांतल्या त्रुटी बुजवलेल्या असतात. ५ तारखेची असेल, तर कर्नलमधल्या (प्रणालीच्या गाभ्यातल्या) आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या ड्रायव्हरमधल्या (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) दुरुस्त्याही त्यात आलेल्या असतात. जवळच ‘गूगल प्ले सिस्टम अपडेट’ची आणखी एक तारीख दिसते आणि तिथेच अनेकांची गफलत होते. अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरमार्फत थेट अद्ययावत होऊ लागले, ही सोय चांगलीच आहे. परंतु कर्नल आणि ड्रायव्हर त्या वाटेने येत नाहीत, त्यामुळे ही दुसरी तारीख ताजी असली तरी पहिली शिळी असू शकते.

मासिक पॅचची पद्धत सुरू झाली ती ऑगस्ट २०१५ मध्ये, ‘स्टेजफ्राइट’ प्रकरणानंतर. नुसत्या एका एमएमएसमधून आलेल्या व्हिडिओच्या आधारे फोनमध्ये शिरकाव करता येतो, हे तेव्हा उघड झाले होते. गूगलने दुरुस्ती तयार केली तरी ती फोन बनवणाऱ्या कंपनीने आपल्या प्रत्येक मॉडेलवर तपासून पाठवावी लागते. आणि चिप कंपनीने त्या चिपच्या ड्रायव्हरकडे पाठ फिरवली असेल, तर फोन कंपनीची इच्छा असूनही फारसे काही करता येत नाही. दोन-तीन वर्षांतच अपडेट थांबण्यामागे हे एक मोठे कारण होते. (इच्छाच नसण्याची उदाहरणेही कमी नाहीत.) अलीकडे गूगलचा पिक्सेल ८ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एस २४ यांना सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन मिळाले, हा बदल म्हणूनच लक्षणीय आहे.

अ‍ॅपलची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१३ चा आयफोन ५एस २०१९ मध्ये आयओएस १३ ला मुकला, तरी जानेवारी २०२३ मध्ये त्याला १२.५.७ हे अपडेट मिळाले. त्यात वेबकिटमधली (वेबपाने दाखवणाऱ्या भागातली) अशी त्रुटी दुरुस्त केली होती, जिचा गैरफायदा आधीच घेतला गेल्याची चर्चा होती. मात्र आयओएसच्या अशा जुन्या आवृत्त्यांना सगळ्याच दुरुस्त्या मिळतात असे नाही; गंभीर तेवढ्या निवडून दिल्या जातात.

अपडेटची मुदत मोजायची कुठून, हा खरा वादाचा मुद्दा. कंपन्या सहसा मॉडेल बाजारात आल्याच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे दोन वर्षे उशिरा सवलतीत घेतलेल्या फोनची तेवढी वर्षे आधीच सरलेली असतात. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमात हे उलटे केले आहे: त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आणल्यापासून किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध ठेवावे लागतात.